सातबाऱ्यावरची शरियत

मुस्लिम समाजात सुधारणा हवी की नको, यावर आपल्याकडे बोलणाऱ्यांचा तुटवडा नाही. टीव्हीवर एक मौलाना आणि एक तावातावाने बोलणारे प्रवक्ते समोरासमोर बसवले की अर्धा तास सहज निघतो. विषयही ठरलेले: तलाक, बुरखा, चार बायका, मदरसा. मला या चर्चांचा कंटाळा आलाय, आणि तो नुसत्या आरडाओरड्यामुळे नाही. खानदेशातल्या मुसलमान घरांत जो प्रश्न पिढ्यान् पिढ्या पडतोय, तो त्या यादीत येतच नाही. तो तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर निकालात निघतो. बाप गेल्यावर मुलीच्या हिश्श्याचं काय, हा तो प्रश्न.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शरियत जिवापेक्षा प्यारी आहे म्हणणाऱ्या आमच्या समाजाने कुरआनातला सगळ्यात स्पष्ट, अगदी अपूर्णांकांत सांगितलेला हुकूम हक्कसोड पत्रावर सोडून दिलाय. हे कुठल्या सरकारने करायला लावलं नाही, कुठल्या कोर्टाने नाही. आमचे नमाजी, हाजी, जकात देणारे भाऊच हे करतात.

सूरह निसाची सातवी आयत काय सांगते? आईबाप आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातील त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, मग ते थोडं असो वा फार. हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. ‘थोडं असो वा फार’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. अकराव्या-बाराव्या आयतीत कुणाला किती ते येतं, आणि लगेच पुढे या अल्लाहने घालून दिलेल्या हद्दी आहेत, त्या ओलांडणाऱ्याला आग आहे, असा इशारा येतो. नमाजच्या रकाती, म्हणजे आवर्तनं, किती, हे कुरआनात आकड्यांनी दिलेलं नाही. ते हदीस आणि सुन्नतवरून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांवरून आणि वागणुकीवरून, कळतं. मुलीचा हिस्सा मात्र आकड्यांनी दिलाय.

या आयतींमागची हकीकतही हदीसच्या संग्रहांत आहे. उहुदच्या लढाईत साद बिन रबी मारले गेले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, यांच्या काकाने काहीच ठेवलं नाही, आता यांची लग्नं कशी व्हायची? आयत उतरल्यावर पैगंबरांनी काकाला बोलावून सांगितलं की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं. अरबस्तानात तोवर वारसा लढू शकणाऱ्या पुरुषाला मिळायचा, आणि वादाचा निकाल त्या रिवाजाच्या विरोधात लागला. आमच्या रावेर-यावलच्या बाजूला चौदा शतकांनंतर तोच काका अजून जमीन धरून बसलाय. फरक इतकाच की आता त्याच्याकडे नोंदणीकृत दस्त आहे.

तो दस्त कसा होतो ते पाहू. आठ एकर केळीची जमीन आहे असं धरा. बाप वारला. मागे आई, दोन भाऊ, तीन बहिणी. शरियतचा हिशेब इथे इतका सरळ पडतो की तोंडी करता येतो: आईला एक अष्टमांश म्हणजे एक एकर, उरलेल्या सातांत भावांना दोन-दोन आणि बहिणींना एक-एक. तलाठी वारसनोंद करताना सगळ्यांची नावं लावतो, तिथे अडचण नसते. फेरफार मंजूर होतो. आणि मग काही महिन्यांत बहिणींना निरोप जातो की सहीला या.

निबंधक कार्यालयाच्या बाहेर बाकावर तिघी बसलेल्या असतात. थोरली भुसावळची, मधली धरणगावची, धाकटी सुरतेहून आलेली. तिघींची आधारकार्डं भावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. दस्तलेखक भरभर वाचतो, ‘आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला...’ तेवढ्यात धाकटीचं लेकरू रडायला लागतं, ती त्याला घेऊन बाहेर जाते, आत येते तोवर वाचून झालेलं असतं. नकाब वर करून कॅमेऱ्याकडे बघायचं. अंगठा मशीनवर ठेवायचा. मशीन ठसा घेत नाही, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात; मग ओढणीला बोट पुसून पुन्हा ठेवायचं. झालं. मुद्रांक शुल्क नाममात्र. बाहेर आल्यावर भाऊ रसवंतीवर नेतो, संध्याकाळी मटण असतं, निघताना प्रत्येकीला एक ड्रेसपीस आणि सुरतवालीला तिकिटाचे पैसे. कुणी वाईट वागत नाही. हेच तर त्यातलं अवघड आहे, की भाऊ खरोखर चांगला असतो.

माझी आईही अशीच सही करून आली होती. मी विचारलं तर म्हणाली, “मेरेकू क्या करने की जमीन? भाई का दरवाजा खुल्ला रहे, बस.” या एका वाक्यात सगळा व्यवहार आहे. दस्तावर विनामोबदला लिहिलेलं असलं तरी मोबदला होता: उद्या नवऱ्याने घराबाहेर काढलं तर जायला एक दार. सही नाकारली तर ते दार बंद होईल ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, दाखवावी लागत नाही. मुसलमानाचा माल त्याच्या मनापासूनच्या खुशीशिवाय दुसऱ्याला हलाल नाही, असं हदीसमध्ये आहे. भीतीपोटी दिलेल्या खुशीला मनापासूनची म्हणायचं का, याचं उत्तर द्यायला मुफ्ती व्हावं लागत नाही.

आता गंमत पाहा. हनफी फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचं जे मत आमच्या खानदेशातले बहुतेक लोक पाळतो असं म्हणतात, ते या बाबतीत भावांच्या बाजूचं अजिबात नाही. वारसाने ‘मी माझा हक्क सोडला’ एवढं म्हटल्याने हक्क संपत नाही, असं जुने हनफी फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, सांगून गेलेत. वारसा ही बक्षिसी नाही की नको म्हटलं आणि परत केली. मृत्यू होताच मालकी आपोआप लागते. आधी वाटणी करा, तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्या, मग तिला वाटलं तर तिने भावाला द्यावा, असा फतवा कुठल्याही पंथाच्या, देवबंदी किंवा बरेलवी, दारुल इफ्ताकडून, म्हणजे फतवा देणाऱ्या विभागाकडून, आजही मिळेल. आणि जमीन तुकड्यांत वाटणं परवडत नसेल, तर त्यावरही तोड आहे. तखारुज म्हणतात त्याला: एखादा वारस ठरलेला मोबदला घेऊन वाटणीतून बाहेर पडतो. म्हणजे एक एकराची किंमत ठरवा, दोन-तीन हंगामांत हप्त्यांनी द्या, जमीन अखंड ठेवा. रस्ता आहे. चालायला कुणी तयार नाही.

याबद्दल मशिदीत का बोललं जात नाही? मला उत्तर सरळ दिसतं. इमामसाहेबांची तनखा कमिटी देते, आणि कमिटीत बसलेल्या बहुतेकांच्या कपाटात एक तरी हक्कसोड पत्र आहे. इमाम अनेकदा परगावचे, कधी बिहारचे, कधी उत्तर प्रदेशचे, अपुऱ्या पगारावर मुलाबाळांपासून लांब राहणारे. त्यांनी कशाला विस्तवाशी खेळावं? मग जुम्याच्या बयानात कयामतच्या निशाण्या येतात, फिरक्यांचे, म्हणजे पंथांचे, झगडे येतात. आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, मजारवर चादर चढवायची की नाही, मिलादला उभं राहायचं की बसून राहायचं, यावरून एकेका गावात दोन-दोन मशिदी उभ्या राहिल्या. बहिणीचा हिस्सा मात्र असा मसला आहे की त्यावर देवबंदी, बरेलवी, अहले हदीस सगळ्यांचं कागदावर एकमत, आणि न पाळण्यातही एकमत.

लोकांना धर्माची काळजी नाही असं मी म्हणत नाही. उलट काळजी वाढलीय. मोबाइल आल्यापासून प्रत्येकाच्या खिशात दहा मुफ्ती आहेत. विमा चालतो का, हप्त्यावर मोटारसायकल घेतली तर सूद होतो का, क्रिप्टो हलाल की हराम, सगळं विचारलं जातं. केळीचा शेतकरी पीककर्जावरच्या व्याजाने खरोखर अस्वस्थ असतो. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, खत, सगळं रोख मागतं आणि सोसायटीशिवाय गत्यंतर नसतं. वेळेत फेडलं तर व्याज सरकार भरतं, मग ते चालतं का, यावर मी एका लग्नाच्या मांडवात तासभर वाद ऐकलाय. चांगला वाद होता. पण ज्या जमिनीवर ते कर्ज काढलं होतं तिच्यात बहिणीचा हिस्सा होता, आणि ती बहीण त्याच मांडवात पलीकडच्या कनातीआड जेवत होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की बाई, तुम्ही जमिनीच्या गोष्टी करता, इथे मुसलमानाकडे जमीन आहे कुठे? खरं आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये जे चित्र मांडलं ते गरिबीचंच आहे. खानदेशात बागवान, पिंजारी, मणियार, खाटीक, शाह, अन्सारी यांतल्या कित्येकांकडे शेत नावाला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी तर धर्माने मुसलमान आणि अनुसूचित जमातीत. त्यांच्याकडे असेल ती कोरडवाहू. पण घर असतं. बाजारपेठेत एखादा गाळा असतो. धुळ्यात चार पॉवरलूम असतात. मालमत्ता जितकी लहान तितकी ती मुलग्याकडे जाण्याची सक्ती जास्त, असा माझा अनुभव आहे. आणि म्हणूनच ‘थोडं असो वा फार’ हे शब्द तिथे आहेत.

दुसरा आक्षेप: मुलीच्या लग्नात खर्च केला की, तोच तिचा हिस्सा. हा तर सरळ दुहेरी घोटाळा. जहेज, म्हणजे हुंडा, द्यायला शरियतने सांगितलं नाही. मेहर मुलाने मुलीला द्यायचा, वलीमा, म्हणजे लग्नाचं जेवण, मुलाकडच्यांनी करायचा. आम्ही ते सगळं उलटं फिरवलं. मुलीकडून फ्रिज-कपाट-गाडी आणि मेहर ‘उधार’. जे द्यायला सांगितलेलं नाही ते दिलं, म्हणून जे द्यायला सांगितलंय ते फिटलं, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो? बिरादऱ्यांनी सामुदायिक विवाह सुरू केले, त्याने खर्चाला थोडा लगाम लागला, हे मान्य करायला हवं. हिश्श्याचा विषय त्या मंचावरूनही निघत नाही.

उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, रिवाजाविरुद्ध उभं राहणं जमत नाही अशातला भाग नाही. १९३७ चा शरियत कायदा आज ज्यांना फक्त तलाकच्या संदर्भात आठवतो त्यांना सांगायला हवं की त्यामागचा एक मोठा हेतू स्त्रियांचा वारसा हा होता. पंजाब आणि इतरत्र मुसलमान जमीनदार रिवाजाच्या नावाखाली मुलींना काही देत नव्हते. रिवाज बाजूला सारून शरियत लागू करा, ही मागणी उलेमांची होती. कायदा झाला, पण त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली गेली. शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती हे कारण, आणि जमीनदारांना तेच हवं होतं. मद्रासने १९४९ मध्ये दुरुस्ती करून तो अपवाद काढून टाकला. देशभर शेतजमिनीलाही शरियत लावा, असा मोर्चा मी कधी पाहिला नाही.

दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, मुस्लिम स्त्रीला कोर्टातून विवाह मोडून घेण्याचा हक्क देणारा कायदा आला. त्याची वैचारिक तयारी अशरफ अली थानवींसारख्या कर्मठ देवबंदी आलिमने केली होती. हनफी मतात नवरा बेपत्ता झाला, नांदवेना, पोसेना तरी बाईला सुटका जवळजवळ नव्हती. पंजाबात बायका सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या, तेव्हा थानवींनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी मताचा आधार घेऊन दार उघडलं. कायद्याचं अंतिम रूप उलेमांना पूर्ण पसंत पडलं नाही, कारण निवाडा मुस्लिम काजीनेच करावा ही अट त्यात राहिली नाही. तरी मुद्दा राहतोच, की गरज पटली तेव्हा परंपरेने आपल्याच पेटीतून किल्ली काढली.

आमच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर अक्कलकुव्याचं घ्या. नंदुरबार जिल्ह्याच्या त्या आदिवासी टोकाला गुलाम मोहम्मद वस्तानवींनी मदरसा काढला आणि त्याच आवारात औषधनिर्माण, अभियांत्रिकी, बी.एड.चे वर्ग आणले. हाफिज होणाऱ्या मुलाने फार्मसीही शिकावी यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. २०११ च्या जानेवारीत ते देवबंदच्या दारुल उलूमचे कुलगुरू झाले आणि गुजरातविषयीच्या एका वक्तव्यावरून उठलेल्या वादळात जुलैत त्यांना जावं लागलं. २०२५ मध्ये ते वारले. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण मदरसा म्हणजे साचलेलं पाणी, हे म्हणणाऱ्याने एकदा तळोद्याच्या रस्त्याने तिकडे जाऊन यावं. अभ्यासक्रम बदलता येतो, मग बयानाचा विषय बदलता येणार नाही?

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण तिचीही झोप मोडायला हवी. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांची हिंमत मोठीच होती. त्या परंपरेतून येणारे मित्र मला सांगतात की कसला अर्धा हिस्सा मागतेस, समान नागरी कायदा माग. मुलीला मुलाच्या निम्मं, हे मला आज न्याय्य वाटत नाही, ते लपवायचं कारण नाही. पण कायदा समान झाला की सही थांबते का? शेजारच्या पाटलांच्या घरात पाहा. हिंदू मुलीला २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतकाच वाटा मिळाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निबंधकाच्या त्याच बाकावर, त्याच दस्तलेखकाकडे, त्याच मजकुराचं हक्कसोड लेवा पाटलांची लेकही करून जाते. तिच्याकडे पूर्ण हिस्सा आहे, आमच्या एखाद्या सलमाकडे अर्धा. घरी जाताना दोघींच्या पिशवीत साडी किंवा ड्रेसपीस.

आणि ज्या बापाला लेकीला लेकाइतकं द्यायचंय त्याला शरियतने अडवलेलं नाही. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करता येतो. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एका मुलाला बक्षीस देऊन पैगंबरांना साक्षी राहायला सांगितलं; पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर, जुलमाला मी साक्षी राहणार नाही, म्हणाले. हिब्यात मुलगा-मुलगी समान, हे हनफी फकीहांचं पसंतीचं मत आहे. हेच हत्यार आमच्याकडे बरोबर उलटं वापरलं जातं: मरायच्या आधी सगळं मुलांच्या नावे हिबा, म्हणजे मुलींच्या सहीचीही कटकट नको.

२०२५ मध्ये वक्फ कायद्याविरुद्ध सभा झाल्या. त्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टींना माझाही विरोध आहे. धर्मादाय मालमत्तेच्या कारभारात सरकारने असा हात घालणं मला पटत नाही. पण त्यात एक कलम आहे की कुटुंबासाठी वक्फ करताना स्त्री-वारसांचा हक्क डावलता येणार नाही. मी ऐकलेल्या एकाही भाषणात वक्त्याने एवढंही म्हटलं नाही की हे सांगायला तुम्ही कशाला हवेत, हे तर आमच्याच किताबात आहे. म्हणता आलं असतं. सभेतल्या लोकांना ते किती रुचलं असतं, कुणास ठाऊक.

मला मोठ्या परिषदा, ठराव काही नको. जनाजाच्या नमाजआधी आमच्याकडे एक रीत आजही पाळली जाते. मय्यत समोर असते आणि पुकारलं जातं, ‘मरहूमकडे कुणाचं देणं असेल तर वारसांना भेटा.’ दुकानदार भेटतो, सोसायटीवाला भेटतो. न दिलेला मेहर हेही कर्जच असतं, वारसांत वाटणी व्हायच्या आधी फेडायचं. पण ती घेणेकरीण इद्दतीत, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या ठरलेल्या मुदतीत, घरात बसलेली असते आणि तिला कुणी विचारत नाही. त्या पुकारण्यात दोन वाक्यं वाढवायची: बीवीचा मेहर बाकी असेल तर तो आधी, आणि मुलींचे हिस्से चाळीसाव्याच्या आत लिहून कमिटीकडे द्या. वाटणी झाल्याशिवाय सही मागणाऱ्याला कमिटीने सांगावं की आधी ताबा किंवा मोबदला, मग दस्त. बोलणाऱ्या इमामाला एखादी कमिटी काढेलही. म्हणून एकट्यादुकट्याने नको. एका तालुक्यातल्या सगळ्या मशिदींनी एकाच जुम्याला हे वाचावं. रावेर, यावल, चोपडा, कुठूनही सुरू करा. मजकूर उर्दूत असो की मराठीत, फक्त पडद्यापलीकडे बायकांना ऐकू जाईल असा भोंगा तेवढा आतल्या बाजूलाही लावा.